लेक लुईझच्या काठापलीकडचा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहलींच्या पुरवण्यांत कॅनडाचा विषय निघाला की लेक लुईझ या तळ्याचा एक ठरलेला फोटो हमखास छापून येतो. पुढे निळंहिरवं पाणी, त्यावर लाल होड्या, मागे बर्फाचा डोंगर. सोबतचा मजकूर काठावरच्या हॉटेलापाशीच संपतो. सहल कंपन्यांची बसही तिथेच पाऊण तास थांबते, त्यामुळे मजकुराला दोष द्यावा असं नाही. पण गणपती आटोपून मुलांकडे कॅनडात येणारे आईवडील, मावश्या, काका आता नुसत्या फोटोवर समाधान मानत नाहीत. त्यातले बरेच जण सह्याद्रीत वर्षानुवर्षं हिंडलेले असतात. 'तो मागचा बर्फ दिसतोय, तिथपर्यंत जाता येईल का?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. जाता येतं. तेवढंच नव्हे, तर हिमनदीच्या समोर उभं राहून, वरच्या एका शिखरावर चढून, दुसऱ्या तळ्याच्या काठाने उतरून संध्याकाळपर्यंत परत येता येतं. मात्र ही पूर्ण दिवसाची दमवणारी चाल आहे. शरद ऋतूत तिचे नियम उन्हाळ्यापेक्षा वेगळे असतात आणि ते कुठे नीट लिहिलेले सापडत नाहीत. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी उंची आणि अंतराचा हिशेब. लेक लुईझचा काठ समुद्रसपाटीपासून १७३१ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही (१६४६ मीटर) वर. चढाईला सुरुवातच तिथून होते. हिमनद्यांसमोरचं 'प्लेन ऑफ सिक्स ग्लेशियर्स' टी हाऊस (डोंगरातलं चहाघर) सुमारे २१०० मीटरवर, लेक अॅग्नेस साधारण २१३५ मीटरवर आणि दिवसातला सर्वांत उंच बिंदू, बिग बीहाइव्ह, २२७० मीटरवर. विरळ हवेचा त्रास बहुतेकांना अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. त्यामुळे इथे धाप लागली तर दोष उंचीला देऊ नये, तो सरावाच्या अभावाचा असतो. टी हाऊसच्या पुढे हिमनदी पाहण्याच्या जागेपर्यंत जाऊन, हायलाइन वाटेने बीहाइव्ह चढून, अॅग्नेसवरून खाली आलं की अठरा ते वीस किलोमीटर होतात. चढउतार धरून एकूण चढाई हजार मीटरच्या आसपास जाते. सवयीच्या माणसाला थांबे धरून आठ ते नऊ तास पुरतात. सह्याद्रीत राजगड-तोरणा एका दिवसात करणाऱ्याला अंतराचं भय वाटण्याचं कारण नाही. त्याला गोत्यात आणतात त्या गोष्टी निराळ्याच आहेत: थंडी, ओला कापूस, उशिरा निघणं आणि अस्वल.

काळ कोणता? सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आणि ऑक्टोबरचे पहिले काही दिवस. या दिवसांत अल्पाइन लार्च पिवळा होतो. हा सूचिपर्णी असूनही पानं गाळणारा वृक्ष आहे. तो फक्त वरच्या उंचीवर, जंगल जिथे संपतं त्या पट्ट्यात वाढतो. म्हणून खालच्या काठावरून तो फारसा दिसत नाही. अॅग्नेसच्या आसपास आणि बीहाइव्हच्या माथ्यावर गेलं की एकदम सगळं सोनेरी दिसू लागतं. एक जोराचा वारा किंवा कडाक्याची एक रात्र आली की सुया झडतात, त्यामुळे अमुक तारखेला हमखास रंग मिळेल असं सांगता येत नाही. डास संपलेले असतात हा आणखी एक फायदा. तोटा म्हणजे हिमवृष्टी कधीही होऊ शकते आणि दिवस भराभर आखडतो. २५ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि साडेसातनंतर मावळतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात उजाडायला आठ वाजतात आणि सातच्या थोडं पुढे अंधारतं. डोंगराच्या कुशीत ऊन त्याहून बरंच आधी जातं. दोन्ही टी हाऊस कॅनडाच्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारच्या, आगेमागे हंगामासाठी बंद होतात. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना ती उघडी मिळतील या भरवशावर चालायला निघू नये.

पोहोचण्याबद्दल थोडक्यात. कॅलगरीहून सुमारे १८५ किलोमीटर, गाडीने दोन-सव्वादोन तास. बॅन्फ गावातून पाऊण तास. बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश पास लागतो. काठावरचा वाहनतळ सशुल्क आहे आणि लार्चच्या दिवसांत तो उजाडण्यापूर्वीच भरतो. भरल्यावर पोलिसी शिट्टीपलीकडे काही पदरात पडत नाही. खरा उपाय म्हणजे पार्क्स कॅनडाची (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था) शटल बस, जी खालच्या स्की रिसॉर्टच्या वाहनतळावरून सुटते. तिच्या जागा आगाऊ आरक्षित कराव्या लागतात. काही जागा वसंतातच खुल्या होतात आणि बऱ्याच जागा प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता सोडल्या जातात. बॅन्फमध्ये राहणाऱ्यांना रोम ट्रान्झिट या स्थानिक सेवेची बस आहे. कशानेही आलात तरी परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच टिपून ठेवा, कारण दिवसाचा सगळा हिशेब तिच्यापासून उलटा मांडायचा असतो.

आता वाट. साडेसातला, उजाडता उजाडता, हॉटेलासमोरून उजव्या काठाने निघावं. पहिले दोन किलोमीटर सपाट आहेत, अर्धा-पाऊण तास. इथेच अंग गरम होतं, म्हणून निघताना किंचित थंडी वाजत असली तरी जाकिटावर जाकीट चढवू नका. तळ्याच्या टोकाशी क्वार्टझाइटचे उभे कडे आहेत. तिथे दोर लावून चढणारे लोक दिसतात. त्यापुढे हिमनदीहून आलेल्या गाळाचा पसरट पट्टा लागतो. तळ्याच्या रंगाचं मूळ इथे डोळ्यांनी दिसतं. हिमनदी सरकताना खालचा खडक दळते, त्याचं पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहतं आणि प्रकाशातला निळा-हिरवा भाग परत फेकतं. ओंजळीत घेतलेलं पाणी मात्र गढूळ पांढुरकं असतं. ते पिऊ नका.

टोकापासून चढ सुरू होतो. आधी जंगल, मग हिवाळ्यात बर्फ कोसळण्याच्या वाटेतले उघडे पट्टे, मग दगडगोट्यांचा हिमोढ, म्हणजे हिमनदीने ढकलत आणून सोडलेला दगडमातीचा बांध. टी हाऊसच्या अलीकडे एका ठिकाणी वाट खडकाच्या कडेने जाते आणि आधाराला तार लावलेली आहे. उन्हाळ्यात ती जागा लक्षातही राहत नाही. शरदात मात्र वरून झिरपलेलं पाणी रात्री गोठून खडकावर काचेसारखा पातळ थर बसतो. तो दिसत नाही, नुसता ओला दगड वाटतो. तार धरूनच जा. लाकडी फळ्या, ओंडक्यांचे पूल आणि झाडांची मुळं यांवरही सकाळी दहापर्यंत हाच धोका असतो. याच वाटेवर घोड्यांची सहल चालते. घोडे आले की उताराच्या बाजूला सरकून उभं राहावं आणि शांत आवाजात बोलत राहावं, म्हणजे घोडा बुजत नाही.

थांबे धरून दहाच्या सुमारास टी हाऊस येतं. १९२०च्या दशकात स्विस वाटाड्यांनी शिखरांवर जाणाऱ्यांचा विसावा म्हणून ते बांधलं. वीज नाही, नळ नाही. ताजं सामान कर्मचारी पायी वर आणतात आणि कचरा पाठीवर खाली नेतात. चहा महाग का, याचं उत्तर त्यात आहे. रोख डॉलर जवळ असू द्या. आपला कचरा तिथल्या डब्यात टाकायला मागू नका, तो आपणच खाली न्यायचा.

बहुतेक लोक इथूनच परततात आणि खरी हिमनदी न पाहताच जातात. टी हाऊसच्या पुढे दीड किलोमीटरच्या आत, हिमोढाच्या धारेवरून जाणारी वाट एका उंच जागी थांबते. समोर माउंट व्हिक्टोरिया (३४६४ मीटर), डाव्या हाताला माउंट लेफ्रॉय (३४२३ मीटर) आणि दोहोंच्या मधल्या खिंडीत अॅबट पास. सहा हिमनद्या म्हणजे अॅबर्डीन, वरची व खालची लेफ्रॉय, वरची व खालची व्हिक्टोरिया आणि पोप्स. इथे पोहोचून 'बर्फ कुठे आहे?' असं विचारणारे खूप असतात. पायाखालच्या दरीत पसरलेला, करड्या खडीचा वाटणारा ढीग म्हणजेच खालची व्हिक्टोरिया हिमनदी. वरच्या कड्यांवरून शतकानुशतकं कोसळलेल्या दगडांनी ती झाकली गेली आहे. जिथे भेग पडलेली आहे तिथे निळसर बर्फाची कड दिसते. दोन्ही बाजूंच्या हिमोढांची धार आजच्या बर्फापेक्षा कितीतरी वर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बर्फ त्या धारेला टेकलेला होता. आटणं म्हणजे काय, हे कळायला यापेक्षा सोपं ठिकाण आम्हाला ठाऊक नाही.

खिंडीतला १९२२ साली स्विस वाटाड्यांनी दगडांनी बांधलेला अॅबट पास हट, म्हणजे गिर्यारोहकांचा निवारा, आता तिथे नाही. खालचा गोठलेला उतार वितळून ढासळू लागला, आधार देण्याचे प्रयत्न झाले, शेवटी २०२२ मध्ये तो उतरवावा लागला. खिंडीला नाव ज्याचं आहे त्या फिलिप अॅबटचा १८९६ मध्ये लेफ्रॉयवरच पडून मृत्यू झाला होता. जुन्या पुस्तकांत आणि काही नकाशांत हट अजून दाखवलेला असतो. त्यावर विसंबून कुणी वर जाऊ नये, ती गिर्यारोहकांची वाट आहे, पायवाट नव्हे.

धारेवरून खाली बर्फावर उतरण्याचा मोह हमखास होतो. उतरू नका. हिमोढाची आतली बाजू तीव्र उताराची, सैल खडीची आहे, आणि खालच्या बर्फावरचे दगड बर्फ वितळला की आपोआप सुटतात. शिवाय व्हिक्टोरियाच्या वरच्या कड्यावरून बर्फाचे कडे तुटून खालच्या हिमनदीवर पडतात. तोफ डागल्यासारखा आवाज येतो आणि मग पांढरा धुरळा दिसतो. पाहण्याच्या जागेवरून हा देखावा सुरक्षित आहे, खालून नाही. दुपारी ऊन तापल्यावर हे प्रमाण वाढतं. म्हणूनही सकाळ बरी.

परतताना टी हाऊसच्या खाली साधारण दीड किलोमीटरवर डावीकडे हायलाइन वाट फुटते. दिवसाचा निर्णय या फाट्यावर होतो. इथे दुपारचा दीड वाजून गेला असेल, गटातल्या एकाचे जरी गुडघे बोलू लागले असतील किंवा ढग व्हिक्टोरियाच्या निम्म्यावर उतरले असतील, तर सरळ खाली तळ्याकडे जावं. पुढचा भाग बहुतांशी उताराचा आणि सपाट आहे. वेळ आणि दम असेल तर हायलाइन. झाडीतून, डोंगराच्या कुशीने ही वाट वरखाली होत जाते. पुढे तिला दोन तोंडं फुटतात. एक बीहाइव्हच्या कड्याखालून मिरर लेक या छोट्या तळ्याकडे जातं आणि माथा टाळायचा असेल तर हा मधला मार्ग उत्तम आहे. दुसरं डावीकडे नागमोडी, चांगलंच उभं चढून बीहाइव्हच्या खिंडीत पोहोचतं. दिवसातला सर्वांत दमवणारा तुकडा हाच, आणि तो नेमका जेवणानंतर येतो. म्हणून टी हाऊसवर पोटभर खाऊ नये, थोडं थोडं चार वेळा खावं.

खिंडीतून उजवीकडे काही मिनिटांत माथ्यावरचा लाकडी निवारा येतो. तळं तिथून पाचशेहून जास्त मीटर थेट खाली आहे. कठडा नाही. फोटोसाठी मागे मागे सरकण्याची सवय असणाऱ्यांना हाताला धरून ठेवावं. खिंडीतून डावीकडे डेव्हिल्स थंब या शिखराकडे एक अस्पष्ट पाऊलवाट जाते. ती देखरेखीखालची वाट नाही आणि अरुंद, सैल आहे. या दिवसाच्या बेतात तिला जागा नाही.

आता उतार. खिंडीतून लेक अॅग्नेसच्या मागच्या टोकापर्यंत तीव्र नागमोडी वळणं आहेत. काही लोक वळणं तोडून सरळ उतरतात. त्यांनी सोडवलेले दगड खालच्या वळणावरच्या माणसाच्या डोक्यावर जातात आणि पाऊस ती घळ दरवर्षी मोठी करतो. वळणं तोडू नका एवढं सांगून हा मुद्दा संपत नाही, कारण शरदात याच उताराची खरी अडचण निराळी आहे: ही बाजू सावलीची आहे. सप्टेंबरच्या मध्यात पडलेला चार बोटं बर्फ समोरच्या बाजूला दोन दिवसांत वितळतो, इथे तो राहतो, शेकडो बुटांनी दाबला जातो आणि गुळगुळीत बर्फ होतो. चढताना अशा बर्फावर पाय रोवता येतो, उतरताना टाच सुटते. त्यामुळे आदल्या तीन-चार दिवसांत वर बर्फ पडल्याचं कळलं तर सगळा फेरा उलटा करावा: सकाळी अॅग्नेसकडून चढून बीहाइव्ह, मग हायलाइनने उतरून हिमनदी, शेवटी सपाट काठ. कोरडं असेल तर आम्ही सांगितलेलीच दिशा आम्हाला पसंत आहे. व्हिक्टोरियाचा दर्शनी भाग सकाळच्या उन्हात असतो, दुपारनंतर सावलीत जातो. आणि थकल्यावर माघारीची वाट सोपी राहते. उलट दिशेचे समर्थक म्हणतात की चढ सकाळीच संपवलेला बरा आणि अॅग्नेसचं टी हाऊस गर्दीआधी गाठता येतं. त्यातही तथ्य आहे.

अॅग्नेसच्या काठचा निवारा कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १९०१ मध्ये बांधला आणि १९०५ पासून तिथे चहा मिळतो. सध्याची इमारत १९८१ची आहे. दुपारी रांग असते. रांगेत अंग गार पडतं, म्हणून उभं राहण्याआधी कोरडा थर चढवा. तिथून मिरर लेकवरून लेक लुईझपर्यंत साडेतीन किलोमीटर उतार आहे, तासाभराचा. सव्वाचार-साडेचारला खाली पोहोचणं हा चांगला बेत, सहाच्या पुढे गेलं तर काहीतरी बिनसलं असं समजावं.

कपड्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण आपले लोक इथेच चुकतात. पावसाळी ट्रेकला चिंब भिजण्यात आपल्याला मजा वाटते. अंगावर सुती टी-शर्ट आणि खाली जीन्स असते, तरी घरी पोहोचेपर्यंत काही होत नाही. इथे सकाळी शून्याखाली दोन-चार अंश, दुपारी उन्हात बारा, आणि धारेवर वारा सुटला की पुन्हा शून्य. चढताना सुती कपडा घामाने भिजतो, वाळत नाही आणि थांबल्यावर अंगातली ऊब ओढून घेतो. शरीराचं तापमान उतरू लागल्याची खूण थरथर ही पहिली. त्यानंतर बोटांतून वस्तू निसटतात, पाय अडखळतात, माणूस असंबद्ध बोलतो आणि 'मी ठीक आहे' म्हणत राहतो. थरथर थांबली पण माणूस सुस्त झाला, तर ते बरं होण्याचं लक्षण नव्हे. ओले कपडे ताबडतोब काढून कोरडे घालावेत, डोकं-मान झाकावी, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्यावं आणि मदत मागवावी.

म्हणून अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर फ्लीस, पिशवीत पिसांचं किंवा कृत्रिम भरणाचं हलकं जाकीट आणि सर्वांत बाहेर वारा-पाऊस दोन्ही अडवणारं कवच. खाली लवकर वाळणारी पँट. हातमोज्यांचे दोन जोड, कानटोपी, मोज्यांचा एक जादा जोड. चढाला लागताना एक थर काढायचा, थांबताना घालायचा. हे आळस न करता दहा वेळा करावं लागतं. बूट घोट्याला आधार देणारे आणि तळ खोल खाचांचा. सह्याद्रीतल्या कोरड्या कातळावर उत्तम चिकटणारा मऊ रबरी तळ बर्फावर निरुपयोगी ठरतो. बुटावर चढवायचे मायक्रोस्पाइक्स, साखळीला लावलेले छोटे पोलादी दात, जेमतेम चारशे ग्रॅमचे असतात. ते पिशवीत असायलाच हवेत. बॅन्फ आणि लेक लुईझ गावात ते भाड्याने मिळतात. काठ्यांची जोडी घ्या, उतरताना गुडघ्यांवरचा भार बराच हलका होतो.

अस्वल. हा ग्रिझली जातीच्या अस्वलांचा मुलूख आहे आणि शरदात ती हिवाळी झोपेसाठी चरबी साठवत दिवसभर खात असतात. ती माणसाच्या मागे लागत नाहीत. अचानक समोरासमोर आली की बिथरतात. वळणापाशी, ओढ्याच्या आवाजात, झुडपांच्या पट्ट्यात मोठ्याने बोलत जावं. बुटाला किंवा पिशवीला घुंगरू बांधून उपयोग होत नाही, माणसाचा आवाज लागतो. गप्पांत आपण कमी नाही, तेव्हा ही अट आपल्याला जड जाऊ नये. अस्वलापासून किमान १०० मीटर आणि हरीण, एल्क यांच्यापासून ३० मीटर अंतर राखण्याचा पार्क्स कॅनडाचा दंडक आहे. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेला हवा, पिशवीच्या तळाशी नको. त्याचा पल्ला डब्यावर छापलेला असतो, बहुतेकांचा पाच ते दहा मीटर. सगळा डबा काही सेकंदांत रिकामा होतो, म्हणून लांबून मारून वाया घालवायचा नाही. मुदत संपल्याची तारीख पाहा. आदल्या दिवशी खटका काढण्याचा सराव करा, फवारणी न करता. विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि खालच्या सामानातही नाही. इथेच विकत किंवा भाड्याने घ्यावा. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून शांत बोलत मागे सरकायचं, मुलांना मधे घ्यायचं.

टी हाऊसपाशी चिपमंक आणि खारी पायाशी येतात. त्यांना चिवड्याचा दाणा टाकणं हाही राष्ट्रीय उद्यानात गुन्हा आहे आणि दंडाची कमाल मर्यादा २५,००० डॉलर आहे. ड्रोनला बंदी आहे.

खाण्यात पोळीभाजीचा गुंडाळा थंडीत कडक होतो. त्यापेक्षा तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, डिंकाचे किंवा बेसनाचे लाडू, खारे दाणे, खजूर. लाडू गोठत नाही आणि हातमोजे घालून खाता येतो. वेष्टनं आणि सालंसुद्धा परत आणायची. माणशी दोन लिटर पाणी, त्यातलं अर्धा लिटर थर्मासमध्ये गरम. थंडीत तहान लागत नाही आणि लोक दिवसभरात अर्धा लिटरही पीत नाहीत. संध्याकाळची डोकेदुखी बहुधा त्यातूनच येते, आणि लोक ती उंचीच्या खात्यावर मांडतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नये. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. अंगालगतच्या खिशात ठेवावं.

काठ सोडला की मोबाइलची रेंज बेभरवशाची. नकाशा आधी उतरवून घ्या, फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झरझर उतरते. हेडलॅम्प प्रत्येकाकडे हवा, मोबाइलचा टॉर्च नव्हे. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतू, हे खाली राहणाऱ्या एकाला सांगून ठेवा. उद्यानात बचावासाठी पार्क्स कॅनडाचं प्रशिक्षित पथक आहे, पण रुग्णवाहिका आणि इस्पितळाचा खर्च परदेशी पाहुण्याच्या अंगावर येतो. प्रवास विम्यात डोंगरातली पायी चाल वगळलेली नाही ना, हे भारतातून निघण्यापूर्वीच वाचून घ्यावं. सकाळी निघताना पार्क्स कॅनडाचा त्या दिवसाचा वाटांचा अहवाल पाहावा. अस्वलामुळे वाट बंद असेल तर ती खरोखरच बंद असते. फीत ओलांडून जाण्याचा विचारही करू नये.

साठी ओलांडलेल्या, पण रोज चालणाऱ्या पाहुण्यांना आमचा सल्ला वेगळा आहे. पूर्ण फेरा एकाच दिवसात करण्याचा हट्ट सोडून एक दिवस फक्त हिमनदीसमोरच्या टी हाऊसपर्यंत जाऊन यावं, साधारण अकरा किलोमीटर. गुडघे साथ देत असतील तर दुसऱ्या एखाद्या दिवशी अॅग्नेस, सात किलोमीटर. चढ नकोच असेल तर काठाने तळ्याच्या टोकापर्यंत आणि परत, चार-साडेचार किलोमीटर सपाट. मुलं कामावर जाताना आईवडिलांना तळ्यावर सोडून 'फिरून या वर' म्हणतात, ते मात्र बरोबर नाही. सोबत वाट माहीत असलेला, स्प्रे बाळगणारा एक माणूस हवा.

शेजारच्या मोरेन लेकवरून लार्च व्हॅली आणि पुढे सेंटिनेल पास (२६११ मीटर) ही दुसरी दिवसभराची चाल लार्चसाठी अधिक प्रसिद्ध आहे, आणि गर्दीही तिथे अधिक. २०२३ पासून मोरेन लेकच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे. शटल किंवा परवानाधारक बसनेच जावं लागतं आणि ही सेवा साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच असते. अस्वलांचा वावर असताना तिथे किमान चार जणांच्या घट्ट गटानेच जाण्याचा आदेश निघतो. घट्ट म्हणजे एकमेकांच्या अगदी जवळ, पुढेमागे पन्नास मीटर पांगलेले चौघे नव्हेत. तेव्हा जोडप्याने जाणाऱ्यांनी आरक्षण करण्याआधीच आणखी दोघांची जमवाजमव करावी.

पुढच्या वेळी आपल्या पुरवणीत तो फोटो छापाल तेव्हा खाली निदान एवढं द्यावं, ही विनंती: सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा, टी हाऊस बंद होण्याचा सुमार, शटलचं आरक्षण दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता, आणि हायलाइनच्या फाट्यावर दुपारी दीडची मर्यादा.

कळावे,
कॅलगरीतले काही मराठी डोंगरभटके